खरखर माझी नव्हती

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो, आणि अजून पुरता भानावर आलेलो नाही. सांगताना मागचं-पुढं झालं, तर सांभाळून घ्या.

कुठल्याशा कारखान्यात माझ्या पोटात एक पडदा बसवला गेला, केसाहूनही पातळ. समोरच्याने नुसते ओठ विलग केले तरी तो थरथरतो. ऐकणं एवढंच माझं काम. बोलायची सोय माझ्यात नाही, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं.

मला विकत घेतलं ते काकांनी. ते छापखान्यात मुद्रितं तपासत. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या लावल्या, दाराला रजई टांगली आणि दृष्टिहीन मुलांच्या शाळेसाठी पुस्तकं वाचायला घेतली. वाचताना पंखा बंद. स्वयंपाकघरातल्या फ्रीजचा आवाज येऊ नये म्हणून त्याचाही प्लग काढत आणि लावायला विसरत. तिसऱ्यांदा दूध नासलं तेव्हा काकू शांतपणे म्हणाल्या, "आता हे त्या माईकलाच पाजा."

वाचून झालं की काका संगणकापुढे बसत. पान उलटल्याचा आवाज कापायचा, जिभेची टकटक कापायची, दबलेला शब्द उचलायचा, चढलेला खाली बसवायचा. मुद्रितातली चूक खोडावी तशी प्रत्येक आगंतुक कुजबूज ते खोडत. पाहुण्यांना मला दाखवून म्हणत, "हा माझ्यापेक्षा जास्त ऐकतो." मी फुलून जात असे.

गेल्या वर्षी काकांच्या वाचनात खरखर येऊ लागली. वाक्याच्या शेवटी, अगदी बारीक. काकांनी वायर बदलली. प्लग घासले. मला उलटं करून फुंकर मारली. तरी ती जाईना. मग त्यांनी युक्ती काढली. खरखरीचा एक तुकडा निवडून सॉफ्टवेअरला दाखवायचा, की ते तसला आवाज सगळीकडून पुसून टाकी. धडे स्वच्छ होऊन शाळेत जात राहिले.

परगावी राहणाऱ्या लेकीला त्यांनी न पुसलेला एक तुकडा पाठवला. तिने तो दोनदा ऐकला आणि फोन केला.

"खरखर येते हो, बाबा. माईकचं वय झालंय. बदला आता."

"वय माझंही झालंय. मला कुठे बदलतेस?"

"तुमची वॉरंटी संपलीये," ती म्हणाली, आणि दोघंही हसली.

काकांनी नवा माईक मागवला. माझ्यापुढे शेवटचा धडा अर्धं पान उरेपर्यंत वाचून झाला होता. तो नव्यावर पहिल्यापासून वाचू, असं ठरवून त्यांनी मला खणात ठेवलं. माझ्यावर पट्टी चिकटवली: 'खरखर करतो.'

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी घरचे डॉक्टर भेटायला आले. छातीत पाणी साचलं होतं, म्हणाले, आणि तेही बऱ्याच दिवसांपासून असणार. श्वासाला आवाज येत असेल; घरात कुणी ऐकला नाही का? काकू नाही म्हणाल्या. लेकही नाही म्हणाली. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

दोन आठवड्यांनी शाळेच्या बाईंनी संकोचत फोन केला. परीक्षा तोंडावर आली होती आणि एकच धडा राहिला होता. लेक म्हणाली, पाठवते.

नवा माईक खोक्यातच होता. पण एका धड्यात माईक बदलला की जोड कानाला कळतो, एवढं ती बापाकडून शिकली होती. तिने मला काढलं, पट्टी वाचली. खरखर येईलच, मागाहून पुसू, असं पुटपुटत तिने उरलेलं अर्धं पान वाचलं. मग हेडफोन लावून ऐकलं.

खरखर नव्हती.

तिने वायर हलवली. पुन्हा वाचलं, पुन्हा ऐकलं. नव्हतीच. तेव्हा तिने काकांचा न कापलेला धडा लावला. श्वास संपत येतो नेमकी तिथे खरखर होती. लांब वाक्यानंतर जास्त, छोट्या वाक्यानंतर कमी. वायर वाक्यांची लांबी मोजत नाही.

तिने हेडफोन काढून ठेवले. काकूंनी दारातून विचारलं, झालं का?

"आई, माईक चांगला आहे."

"मग शाळेला देऊन टाकू," काकू म्हणाल्या. आणि लेकीच्या चेहऱ्याकडे बघून तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

संध्याकाळपर्यंत लेकीने धडा तयार केला. पानांचे आवाज कापले, दोघांच्या आवाजांची पातळी जुळवली. खरखर मात्र पुसली नाही. धडा तसाच गेला.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. काका गेल्याचं त्यांनी मुलांना अजून सांगितलं नव्हतं. धडा लावून पाच वाक्यंही झाली नव्हती, तोच एका मुलीने हात वर करून विचारलं होतं, "बाई, काकांना दम लागतोय. त्यांना डॉक्टरकडे नेलं का?"

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू निरोप घेताना 'आम्हाला जपा' म्हणतात. मला जपायची गरज नाही, मी ठणठणीत आहे. तुमच्या माणसाच्या आवाजात काही वेगळं ऐकू आलं, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा. वायर नंतर बघता येते.