एकतीस तारखेची गाडी

संध्याकाळी सुटून रात्रभर धावणारी आणि सकाळी शेवटच्या स्टेशनात शिरणारी ती पॅसेंजर बंद झाली, त्याला एकोणीस वर्षं होऊन गेली. एकसष्ट वर्षं चाललेल्या गाडीचा इतिहास लिहायची बुद्धी रेल्वेच्या कचेरीला आत्ता झाली आणि पुस्तिकेचा कच्चा मसुदा जुन्या गार्डांच्या घरी तपासायला आला. आप्पांनी भिंग लावून तो पानन् पान वाचला. शेवटची गाडी तीस तारखेला पोचली असं अखेरच्या पानावर लिहिलं होतं, आणि गार्ड म्हणून नाव होतं दुसऱ्याच माणसाचं.

"शेवटची गाडी मी आणली," आप्पा म्हणाले. "एकतीस तारखेला."

धाकट्या मुलाने मसुद्यातला हुकूम वाचून दाखवला. गाडी एकतीस तारखेपासून बंद. मग बंद झालेली गाडी आप्पांनी आणली कुठून? हल्ली आप्पा कपाळावरचा चष्मा घरभर शोधत, त्याच खात्यात त्याने हेही टाकलं. मनाने तो वाईट नव्हता, पण वर्षभर आप्पांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तोच देऊ लागला होता. डॉक्टरांनी झोप लागते का विचारलं, की हा म्हणे, लागते. त्या दिवशी तो हसून म्हणाला, की त्या रात्री आप्पांनी झोपेतच हिरवा दिवा दाखवला असेल. आप्पांनी मसुद्याची घडी घातली. पुढचे चार दिवस काहीही विचारलं तरी "मला मेल्याला काय आठवतंय," एवढंच उत्तर.

थोरल्या लेकीला हे बघवेना. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. नमुना हातात आल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं. इथे तर नमुना न बघताच बापाला नापास करून टाकलं होतं.

पुस्तिका शुक्रवारी छापायला जाणार होती. मंगळवारी रजा टाकून तिने कचेरीचा दप्तरखाना गाठला. तिथल्या कारकुनाला सगळे 'कुलूप' म्हणत, आणि ते का, हे तिला पाच मिनिटांत कळलं. गाड्यांच्या नोंदींची वही त्याने स्वतः बघितली होती, चूक शक्य नव्हती, साहेबांची चिठ्ठी आणा. बुधवारी तिने चिठ्ठी आणली, तर तो जेवायला गेलेला, तो गेलाच. गुरुवारी दार उघडायच्या आधी ती पायरीवर बसलेली होती.

"बाई, इथेच बिऱ्हाड थाटताय की काय?"

"वही दाखवलीत तर उठते."

शेवटच्या स्टेशनात गाड्या पोचल्याची ती वही होती, दिवसाला एक पान. कुलूपाने तीस तारखेचं पान काढून नोंदीवर बोट ठेवलं. गाडी होती, गार्डचं नाव होतं, आप्पांचं नव्हतं. थोरलीने विचारलं, ही तारीख सुटल्याची की पोचल्याची? पोचल्याचीच, तो म्हणाला, वहीच पोचल्याची. आणि बंदच्या हुकुमातली? हुकूम नेहमी सुटायच्या तारखेने निघतो, हे सांगताना त्याने तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

"मग तीस तारखेच्या संध्याकाळी सुटलेली गाडी कुठे गेली?"

कुलूपाने नोंदीवरचं बोट काढून घेतलं. बारा वर्षं त्याने दिवसाच्या गाड्यांची दप्तरं सांभाळली होती. त्या सकाळी सुटत आणि त्याच तारखेला पोचत. गाडी बंद झाल्याच्या तारखेचं पान उघडायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. आता त्यानेच ते उघडलं.

एकतीस तारीख. ठरलेली वेळ सात पाच, पोचली सात चोवीसला. खाली आप्पांची सही, आणि उशिराच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात 'गार्डने थांबवली.'

कुलूपाचा आवाज एकदम मऊ झाला. नाव बदलतो, ताई, तो म्हणाला. पण शेवटच्या पानावर अख्खी नोंद छापायची आहे, तर उशिराचा रकाना गाळू का? कोण विचारतंय. थोरली घुटमळली. आपल्यापायी गाडी कधी मिनिटभर खोळंबली नाही, हे आप्पा उभ्या जन्मात शंभरदा सांगत आले होते. पाचच्या आत कळवते म्हणून तिने नोंद उतरवून घेतली.

घरी धाकट्याने तो कागद दोनदा वाचला आणि आप्पांच्या हातात दिला. तिने रकान्याचं सांगितलं. सवयीने तो "गाळायला सां—" म्हणाला, मध्येच थांबला आणि खुर्ची ओढून समोर बसला.

"आप्पा, तुम्ही सांगा. काय करायचं?"

आप्पांनी कागद भिंगाखाली धरला. मधल्या एका लहान स्टेशनावर एक पोर्टर होता, ते सांगू लागले. तीस वर्षं त्याने त्या गाडीला दिवा दाखवला, पण कधी आत पाऊल टाकलं नव्हतं. गाडी जेमतेम मिनिटभर थांबायची. शेवटच्या रात्री आप्पांनी त्याला पहिल्या डब्यापासून शेवटच्यापर्यंत फिरवून आणलं. एकेका डब्यातून उतरायचं, पुढच्यात चढायचं. गाडी उभी.

"मग आम्हाला मिनिटभर नाही म्हणून सांगत होतात ते?" थोरलीने विचारलं.

"ती फुशारकी. हे लिहिलेलं आहे."

पावणेपाच झाले होते. तिने कचेरीचा नंबर फिरवला, तसा आप्पांनी हात पुढे केला आणि फोन स्वतःच्या कानाला लावला. आपण कोण ते त्यांनी हुद्द्यासकट सांगितलं.

"एकोणीस मिनिटं," ते म्हणाले. "कारण, गार्डने थांबवली. लिहून घ्या, आणि मला वाचून दाखवा."