बाजूचा ब्रेक

तिला सगळं गाव मॅडम म्हणायचं, आणि गावाचं बघून घरचेही तेच म्हणायला लागले. वीस वर्षं ती लोकांना गाडी चालवायला शिकवत होती. शिकवणीच्या गाडीला बाजूच्या सीटसमोरही एक ब्रेक असतो, म्हणजे शिकणाऱ्यानं घोळ घातला तर शिकवणाऱ्याला गाडी थांबवता येते. त्या ब्रेकवर मॅडमचा पाय वीस वर्षं होता. इतका सराव झाला, की पाय घरी आला तरी कामावरच असायचा.

म्हणजे बघा, टीव्ही बघताना नवऱ्यानं जरा झपकन चॅनेल बदललं, की मॅडमचा पाय फरशी दाबायचा. सासूबाई स्वयंपाकघरातून पाठमोऱ्या बाहेर यायला लागल्या, की ही आतूनच "आरसा!" म्हणून ओरडायची. जेवायला बसलं, की विद्यार्थ्यांचे फोन. अमक्या बाई चढावर अडकल्यात, तमक्या आजोबांची गाडी फाटकातून बाहेरच निघत नाही. घास हिच्या हातात आणि गाडी दुसऱ्याची. एकदा नवऱ्यानं वैतागून विचारलं, की तुझं काम संपतं तरी कधी? तर म्हणाली, सगळे आपापल्या घरी पोचले की.

नवरा वाचनालयात कामाला. बोलणं हळू, चालणं हळू, रागावणंही हळू. बायकोकडे त्यानं गाडी शिकायला एकच दिवस काढला. दुसऱ्या दिवसापासून तो गुपचूप पलीकडच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या शिकवणीत जायला लागला आणि एकदम लायसन्स घेऊनच घरी उगवला. मॅडमनं आठवडाभर अबोला धरला.

पण लायसन्स असून उपयोग काय? रविवारी दोघं आणि सासूबाई गावाबाहेरच्या तळ्यावर जायची. आठवड्यातला तेवढाच एक दिवस तिघांचा. गाडी तीच, शिकवणीची, टपावरच्या पाटीसकट. तो चालवायला, मॅडम बाजूला. कुत्रं दिसलं, दाब ब्रेक. वळण आलं, दाब ब्रेक. कुत्रंही नाही नि वळणही नाही, तरी आपला दाब. मागच्या सीटवर सासूबाई डब्यासकट पुढं आपटायच्या आणि मुलालाच बोल लावायच्या.

मागच्या रविवारी बिचाऱ्याचा बांध फुटला. त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "मी आजवर एकदासुद्धा गाडी चालवलेली नाही. मी नुसतं स्टिअरिंग धरून बसतो. चालवतेस तू."

मग त्यानं शांतपणे सांगून टाकलं. पुढच्या रविवारी तिनं एकदा जरी ब्रेकला पाय लावला, तर तो आईला घेऊन बसनं तळ्यावर जाईल, आणि त्यापुढचे सगळे रविवारही बसनंच. मॅडमनं खुशाल गाडी घेऊन रविवारीही शिकवण्या कराव्यात. हा माणूस उगाच बोलणाऱ्यातला नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो रविवार तिला हवा होता हो. तळ्याकाठी चटई टाकून तिघं काही न बोलता बसायची, आणि तेवढा वेळ कुणी तिला काही विचारायचं नाही. तिनं शब्द दिला.

आला रविवार. मॅडमनं फोन घरी कपाटात ठेवून दिला. गाडीत बसल्यावर पाय सीटखाली ओढून घेतले, हात मांडीखाली दाबून धरले. सासूबाईंनी मागून विचारलं, की ही फिरायला निघालीय की इंजेक्शन घ्यायला?

पहिला चौक सुखरूप पार पडला. दुसऱ्या चौकात एक सायकलवाला आडवा आला. मॅडमनं विचार केलाच नाही. विचाराला वेळ लागतो, तिच्या पायाला लागत नाही. ब्रेक दाबला गेला.

आणि काहीच झालं नाही. लोण्यात बोट जावं तसा ब्रेक खालपर्यंत गेला. गाडी नवऱ्यानंच आपल्या बाजूनं थांबवली, सायकलवाल्याला हातानं जा म्हटलं आणि निवांत पुढं निघाला. इकडे मॅडमनं पुन्हा एकदा दाबून पाहिला, पुन्हा तेच. वीस वर्षांत कधी तुटली नाही ती ब्रेकची तार आजच तुटायची होती! सांगावं, तर शब्द मोडल्याची कबुली आपल्याच तोंडानं. न सांगावं, तर पुढचा सगळा रस्ता असाच, हातपाय बांधल्यागत. नवऱ्याचा ब्रेक चांगला चालत होता, त्यामुळं गाडीचं काही अडत नव्हतं. अडत होतं ते हिचं. तिनं तोंडातून ब्र काढला नाही.

पुढचा तासभर त्या बाईनं जे भोगलं ते वैऱ्यावरही येऊ नये. समोरून ट्रक आला, तिनं पाय दाबला, काही नाही. वळण आलं, पुन्हा दाबला, काही नाही. उतारावर तर दोन्ही पायांनी दाबला. आणि नवरा? शीळ घालत होता मेला! सासूबाई डबा कवटाळून मागं चक्क झोपी गेल्या होत्या, आणि त्या गाडीत हे पहिल्यांदाच घडत होतं.

तळं आलं. चटई अंथरता अंथरता नवरा म्हणाला, की तू शब्द पाळलास, खरंच बरं वाटलं. आता गप्प बसायचं की नाही? जिंकलीच होती. पण उद्या सकाळी सात वाजता एक निवृत्त मास्तर शिकायला येणार होते, तेही पहिल्यांदाच, तेही जाड भिंगाचा चष्मा लावून. त्यांना बिनब्रेकच्या गाडीत बसवायचं? काहीतरी थाप मारून संध्याकाळी गाडी गॅरेजला नेता आली असती, पण थाप मारताना तिचे कान लाल होतात, हे घरात सगळ्यांना माहीत. तिनं चटईचा एकच कोपरा तीनदा सरळ केला.

"बाजूचा ब्रेक तुटलाय," ती शेवटी म्हणाली. "उद्या शिकवणी आहे म्हणून सांगते. नाहीतर मेले तरी सांगितलं नसतं."

नवऱ्यानं चहाचा कप खाली ठेवला. तुटलेला नाही, म्हणाला. कालच त्यानं मेकॅनिककडून तार सोडवून घेतली होती, घरी गेल्यावर पुन्हा जोडायची होती. मॅडम ताडकन उठली. म्हणजे माझ्यावर तुमचा विश्वासच नव्हता, म्हणाली.

"होता तर," तो म्हणाला. "तू दाबणारच, यावर पूर्ण विश्वास होता."

सासूबाई खुदखुदायला लागल्या. त्यांना कालपासून सगळं ठाऊक होतं. मॅडम अशी भडकली, की तरातरा चालत तळ्याच्या पार पलीकडे गेली.

चालता चालता राग जरा खाली बसला आणि मग एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली. तो सायकलवाला, तो ट्रक, तो उतार. ती नुसती हवा दाबत होती, आणि तरी तिघं धडधाकट पोचली होती. आपण पाय उचलला की कोण ना कोण कुठंतरी जाऊन धडकणार, असं वीस वर्षं तिच्या मनानं घेतलेलं. आज तासभर तिचा पाय असून नसल्यासारखा होता, आणि सासूबाईंना झोप लागली होती. तिला थोडं रडू आलं, थोडं हलकंही वाटलं. दोन्ही एकदमच.

ती परत आली तेव्हा नवरा चटईवर उभाच होता, चेहरा पडलेला. सांगायला हवं होतं, चुकलंच माझं, म्हणाला.

"मग पुढच्या रविवारी बस का?" तिनं विचारलं.

तो नुसताच मान हलवत राहिला, नाही म्हणून.

"बरी चालवता तुम्ही," ती म्हणाली. "रविवारी ती तार अशीच सुटी राहू दे."

वीस वर्षांत मॅडमनं कुणाच्या गाडी चालवण्याला बरं म्हटलं नव्हतं. नवऱ्यानं रिकामा कप दोनदा तोंडाला लावला.

निघताना तिनं सासूबाईंना पुढं बसवलं आणि स्वतः मागं जाऊन बसली, मांडी घालून, ऐसपैस. पहिल्याच वळणावर समोरून एक बस आली. सासूबाईंचा पाय हळूच पुढं सरकला आणि ब्रेकवर जाऊन बसला. मॅडमनं मागून पाहिलं.

"आई, पाय काढा," ती म्हणाली. "गाडी ते चालवतायत."