करंगळी आणि महिरपी कंस

मी एक थकलेला कीबोर्ड बोलतोय. अंगावरची अर्धी अक्षरं पुसली गेली, एन्टरचं बटण एका बाजूनं खचलंय आणि फटींत बिस्किटांचा चुरा साठलाय. बोलायचा उत्साह नाही. विचारलंत म्हणून सांगतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, आपल्यावर कुणीतरी प्रेमपत्रं लिहील. नशिबी आल्या प्रोग्रामर बाई. इस्पितळांसाठी प्रोग्राम करणाऱ्या छोट्या कंपनीत त्या मुख्य होत्या.

संगणकाच्या भाषांवरून माणसं तासन्‌तास भांडतात. मला त्या बोटांवरून कळतात. एकीत ओळ संपली की अर्धविराम, शिवाय जिथे तिथे महिरपी कंस. सगळा मार उजव्या करंगळीला. दुसरीत कंसांची कटकट कमी, ओळी नुसत्या आत सरकवायच्या, करंगळी सुखात. तिसरीत गोल कंसांच्या पोटात गोल कंस. एखादा मिटवायचा राहिला की बाई स्वतःवरच करवादायच्या.

पुढे बाईंची ती करंगळी बधिर व्हायला लागली. मनगटाला पट्टा आला.

"अगं, आता तरी हाताला सुट्टी दे," नवरा कळवळून म्हणायचा.

"आणि लिहिणार कोण? तू?"

अशात औषधाची मात्रा ठरवणारा नवा प्रोग्राम आला. भाषा बाईंनी निवडायची होती. त्यांच्याच टेबलाशी बैठक भरली.

"बाई, ती बिनकंसांची सुटसुटीतच घेऊ ना," त्यांचा कामातला जोडीदार म्हणाला. सगळे त्याला घाईराव म्हणायचे. "चार ओळींत काम होतं. तुमचा हातही वाचेल."

"पण आकड्याच्या जागी शब्द लिहिला तरी ती हूं की चूं करत नाही. घोळ कळतो प्रोग्राम चालू झाल्यावर."

"ती अर्धविरामवाली काटेकोर घेतली, तर ती प्रत्येक गोष्ट आधी लिहून मागते. लिहिता लिहिता जीव जाईल."

"मागते, म्हणून तर चुकलं की आधीच अडवते."

मला मूठ असती तर जीव मुठीत धरला असता. सुटसुटीत भाषा आली असती तर बाईंचा हात आणखी काही वर्षं निभावला असता, आणि त्यांच्याबरोबर मीही.

बाई बराच वेळ करंगळी चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मात्रा लहान मुलाची असली तर? मागाहून कळून काय उपयोग? काटेकोरच घ्या. फक्त लिहा तुम्ही. मी शेजारी बसून वाचत जाईन."

खरं सांगतो, मला त्यांचा रागच आला. अभिमानही वाटला, पण तो नंतर.

आता मी टेबलाच्या कोपऱ्यात पडून असतो. बाई घाईरावाच्या पडद्यावर डाव्या हाताचं बोट ठेवून चुका दाखवतात. प्रोग्राम बरा चाललाय म्हणे.

काल जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले, तेव्हा त्यांनी मला जवळ ओढलं, सवयीनं दोन्ही हात ठेवले. करंगळी अर्धविरामावर होती. त्या दाबत होत्या. मला भारही लागला नाही.

मला खुशाल भंगारात द्या. माझी काही तक्रार नाही. फक्त बाई जागेवर नसताना न्या.