सवलतीपुरती मालकीण

"उद्या पालिकेत येताना तिला ते ठिगळाचं लुगडं नेसायला सांग," दौलतशेठ बायकोला म्हणाला, "आणि जमलं तर दोन टिपं गाळायला सांग."

'ती' म्हणजे राहीबाई, त्याच्या वारलेल्या धाकट्या भावाची बायको. हातभर अंतरावर दाराआड उभी होती, सगळं ऐकत होती. पण थोरल्या दिराने भावजयीशी तोंडावर बोलायचं नाही, तिने त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, ही घरची रीत. दौलतला ही रीत फार सोयीची पडली होती. जिच्याशी बोलायचंच नाही तिला उत्तरं द्यावी लागत नाहीत. आणि ठिगळाचं लुगडं नेस म्हणे! दुसरं होतं कुठं तिच्याकडे?

एकोणनव्वद सालचा मार्च चालू होता आणि भिवंडीत जिथे दोन माणसं भेटतील तिथे एकच वाद होता, लहान कारखानदारांची सवलत राहणार की जाणार. तीन वर्षांपूर्वी ठरलं होतं की ज्याच्याकडे कापड विणायचे चोवीसपर्यंत यंत्रमाग आहेत त्याने पालिकेचा कर निम्माच भरायचा. हेतू चांगला होता, पण हेतूने तिजोरी भरत नाही. मुदत संपत आली आणि अंदाजपत्रकात ही एवढी तूट निघाली. झाडूवाल्यांचे पगार रखडले, नळ कोरडे पडायला लागले. एक बाजू म्हणे मुदत वाढवा, नाहीतर लहान माणूस मरेल. दुसरी म्हणे, मरेल तेव्हा मरेल, आधी तो लहान माणूस दाखवा तरी!

दाखवणं सोपं नव्हतं. आता दौलतशेठचंच बघा. त्याचे माग चोवीसच्या तिप्पट. पठ्ठ्याने कारखान्यात मधे दोन भिंती घातल्या आणि एकाचे तीन गाळे केले. एक स्वतःच्या नावावर ठेवला, एक बायकोच्या, म्हणजे आक्काच्या, आणि एक राहीबाईच्या. परवाना, विजेचं मीटर, कराची पावती, सगळं तिच्या नावे. आणि ही मालकीण त्याच गाळ्याच्या कोपऱ्यात बसून रोजंदारीवर सुताच्या कांड्या भरत होती! बाईच्या नावावर केलं म्हणजे आपल्याच खिशात ठेवलं, असं समजणारे पुरुष तेव्हा पोत्याने होते. अजूनही कमी झालेले नाहीत.

राहीबाईच्या पोटात मात्र वेगळीच आग होती. हे माग दोघा भावांची सामाईक जमीन विकून उभे राहिले होते. तिचा नवरा काळूराम मागांवर राबायचा, दौलत गल्ल्यावर बसायचा. कापसाच्या तुसाने काळूरामची छाती धरली, थुंकीतून रक्त पडायला लागलं. मुंबईच्या डॉक्टरकडे न्यायचा विषय निघाला तेव्हा दौलत म्हणाला, "कशाला खर्च? अकलोलीच्या कुंडात बसव त्याला. गरम पान्यानं कफ सुटतो." त्याच आठवड्यात नवे माग आले. राहीबाईने नवऱ्याला एसटीत घालून अकलोलीला नेलं आणि परत येताना अंबाडीच्या स्टँडवर त्याने तिच्या मांडीवर जीव सोडला. दहाव्याला दौलत चारचौघांत हमसून हमसून रडला. राहीबाई रडली नाही. तिने वज्रेश्वरीला एकच मागितलं, ह्या माणसाला माझ्या डोळ्यांदेखत मातीत मिळव, मग मला खुशाल ने.

म्हणून पालिकेचं नाव निघताच तिने मनाशी पक्कं केलं, भरल्या सभेत उभं राहायचं आणि सांगायचं, माग माझे नाहीत, हा चोर आहे. पुढे जे होईल ते होवो.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. नगरसेवकांनी निर्णयाआधी कारखानदारांचं म्हणणं ऐकायचं ठरवलं होतं. दौलतशेठ उठला आणि लहान माणसाच्या हालांवर असा बोलला की जणू स्वतःच कालपासून उपाशी असावा. मग विरोधातले नगरसेवक बाळाराम उठले. आवाज फाटका, पण माणूस सरळ.

"शेठ, तुम्ही रडू नका, तुमचं पोट दिसतंय," ते म्हणाले. लोक हसले. "तिजोरीत खडखडाट हाय. झाडूवाला उधारीवर जेवतो, अन् सवलत कोन खातंय? बायकांची नावं पुढं करून मोठेच खातात. या बाया खरोखरच्या मालकिनी असतील ना, गाळ्याची किल्ली त्यांच्या कमरेला असेल ना, तर मुदतवाढीला पहिला हात माझा वर होईल. पन तसं कुठं हाय?"

राहीबाई बाकावर बसून ऐकत होती. किल्ली त्यांच्या कमरेला असेल तर! तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खरं बोलून काय होणार होतं? दौलत दंड भरेल, चार दिवस तोंड लपवेल आणि माग परत त्याचेच होतील. वर बिचारे खरे लहान कारखानदार फुकट मरतील. छे! ह्या माणसाला खरं बोलून मारायचं नाही. त्याचंच खोटं त्याच्या गळ्यात अडकवायचं.

तिचं नाव पुकारलं गेलं. ती उठली, पदर सावरला.

"मी राहीबाई काळूराम. हे चोवीस माग माझं हायेत," ती म्हणाली. आवाज खणखणीत होता. "माझ्या मालकानं छातीचा पिंजरा करून उभं केलं. मी इधवा बाई. सवलत काढाल तर मी कुठं जाऊ? माझं माग माझ्यापासून तोडू नका, सायब."

टिपं गाळायची गरजच पडली नाही, ती आपोआप आली. बाळारामांनी खाली बघितलं. बाईचा शब्द न शब्द इतिवृत्तात गेला, आणि हे सगळं दौलतशेठ मान डोलावत, कौतुकाने बघत होता. तोंडातून एकदा 'वा!' सुद्धा गेलं. आपल्या सरणाला आपणच लाकडं रचतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

मुदतवाढ मंजूर झाली. बाळारामांनी हात वर केला, पण एक अट घालून घेतली. पालिकेचा अधिकारी प्रत्येक गाळ्यावर जाईल, मालक समक्ष हजर पाहिजे, आणि नाव खोटं निघालं तर तिन्ही वर्षांची सूट दंडासकट वसूल.

"सोपं हाय," घरी आल्यावर दौलत आक्काला म्हणाला. "तू तुझ्या गाळ्यात खुर्चीवर बस, तिला तिच्यात बसव. साहेबानं इचारलं तर सांगायचं, मालक मी. तोंडातून दुसरा शब्द काढू नका."

आक्काने मान हलवली. ती नेहमीच मान हलवायची. भाजीत मीठ कमी पडलं की ताट तिच्या अंगावर यायचं, तेव्हाही ती मान हलवायची. काळूरामच्या आजारपणात तिने दवाखान्यासाठी हातातल्या बांगड्या काढून दिल्या होत्या, आणि दौलतने त्या हिसकावून घेऊन तिचं मनगट पिरगाळलं होतं. राहीबाईला ते ठाऊक होतं, तरी तिचा आक्कावरही राग होता. सोसणाऱ्या माणसाचाही राग येतो.

तपासणीच्या दिवशी साहेब आधी दौलतच्या नावच्या गाळ्यात गेले. मालक हजर, माग चोवीस, सगळं ठीक. मग राहीबाईच्या गाळ्यात आले. ती खुर्चीवर बसली होती. माग धडाडत होते.

"मालक कोण?"

"मी," राहीबाई म्हणाली.

"आणि हे?" साहेबांनी सोबत आलेल्या दौलतकडे बोट केलं.

"हा माझा मुकादम."

दौलत हसला. बाई हुशार निघाली, असं त्याला वाटलं. पण राहीबाई उठून उभी राहिली. हाताने खूण करून तिने माग थांबवायला सांगितले. कामगार जवळ आले. मग डोक्यावरचा पदर तिने सावकाश मागे सारला आणि जन्मात पहिल्यांदा दिराच्या डोळ्यांत डोळे घातले.

"सायब, तुमच्यासमोरच सांगते, नंतर भानगड नको. ह्याचं काम मला पसंत न्हाय. ह्याला मी आजपासून काढलंय. दादा, गाळ्याची किल्ली द्या."

"राही!" दौलत ओरडला. रीत गेली उडत. "खुळी झालीस काय तू? माग कुनाचं हायेत..."

त्याने साहेबांकडे बघितलं. साहेबांचं पेन थांबलं होतं.

"कुणाचे आहेत?" साहेबांनी विचारलं. "बोला, बोला. नाव खोटं आहे का?"

खोटं म्हणावं तर तीन वर्षांची वसुली, दंड, गावभर छीथू. खरं म्हणावं तर माग गेले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. शेवटी दौलतने खिशातली किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. राहीबाईने ती कमरेला खोचली.

"चलो भाई, काम पे लगो," एक कामगार गालातल्या गालात हसत म्हणाला, "मालकिन का टाइम खोटी मत करो." माग पुन्हा धडाडू लागले.

साहेब शेजारच्या गाळ्याकडे वळले तेव्हा दौलतने हात जोडले. "माझ्या पोरांच्या तोंडाकडं बघ गो. निम्मं तू घे."

"काळूरामच्या तोंडाकडं तुम्ही बघितलंत?" राहीबाई म्हणाली. "अन् रडता कशाला? तुमचा एक गाळा हायच की. चोवीस माग. आता तुम्ही खरंच लहान कारखानदार. सवलतपन मिळंल."

केवढं गोड वाटलं तिला हे बोलताना! कोणी काही म्हणो, सुडाइतका गोड घास गरिबाच्या वाट्याला क्वचितच येतो.

'एक गाळा' ऐकून दौलत चमकला आणि तसाच आक्काच्या गाळ्याकडे धावला. राहीबाईही मागोमाग गेली. आक्का खुर्चीवर ताठ बसली होती. मधली भिंत एका विटेची, तिचे माग अजून सुरू व्हायचे होते, पलीकडचं सगळं तिने ऐकलं होतं.

"मालक कोण?" साहेब विचारत होते.

"मी."

"आणि हे? हे तुमच्याकडेही मुकादम होते का?"

आक्काने दारात उभ्या नवऱ्याकडे बघितलं. मग त्याच्या मागे उभ्या राहीबाईकडे बघितलं. ह्या वेळी तिने मान हलवली नाही.

"न्हाय सायब," ती म्हणाली. "हा माझा नवरा. कामधंदा कायबी करत न्हाय."

साहेबांनी तेही लिहून घेतलं.