लाल पट्टीचं मॅगझीन

मी रायफलची एक नळी, जेमतेम नऊ इंचांची. आत्ता कुबेनांच्या स्वयंपाकघरात, टेबलावरच्या जुन्या टॉवेलवर पडल्या पडल्या बोलतेय. एरवी मी बोलत नाही. पण शेजारी ठेवलेलं मॅगझीन, म्हणजे काडतुसं भरून रायफलीला लावायची डबी, मला खटकलं. त्याच्यावर लाल पट्टी आहे, म्हणजे ते माझं. मग त्याच्या तोंडाशी दिसणारी गोळी इतकी सडपातळ कशी?

माझ्या गोळ्या जाडसर, गुबगुबीत. ही सुईसारखी. ही थोरलीची आहे.

थोरली म्हणजे घरातली दुसरी रायफल. तिची नळी लांब आणि भोक बारीक. आमच्या काडतुसांची बुडं मात्र सारखीच, आणि मॅगझीनही दोघींना एकच चालतं. म्हणून आमचे मालक अल्विन कुबेना माझ्या मॅगझीनला लाल चिकटपट्टीचा वेढा देतात. टेक्सासात आमच्याकडे बहुतेक घरांत असलं काहीतरी असतंच. कुणाची पट्टी, कुणाचा रंगाचा ठिपका.

माझा जन्म व्हर्जिल मिकेस्काच्या बंदुकांच्या दुकानातला. अल्विन आले तेव्हा त्याने आधी सोळा इंचांची नळी पुढे केली होती.

"ही घे, लांबवर मारशील."

"लांबवर मारून काय करू? डुकरं मक्यात येतात ती ऐंशी पावलांवर. मला आवाज कमी हवा. मार्ला कॉलेज संपवून घरी आलीय. कपाटाचं दार वाजलं तरी दचकते पोर."

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा तू काहीतरी लहान मागतोयस," व्हर्जिल म्हणाला. "मग आखूडच ने. या काडतुसाची दारू आखूड नळीतही पुरती जळते. फक्त नळीच्या आतल्या खाचांचा पीळ घट्ट हवा. जड गोळी सावकाश जाते. तिला नीट गरगर फिरवलं नाही तर ती डगमगते आणि सायलेन्सरच्या आतच धडकते."

असा माझ्या पोटात दर सात इंचांना एक पूर्ण फेरा आला. सायलेन्सरच्या सरकारी परवान्याची कागदपत्रं यायला मात्र सात महिने लागले.

काडतुसं निवडण्यात अल्विननी अख्खा वसंत घालवला. जड आणि संथ गोळी आवाजाच्या वेगाच्या आत राहते, म्हणून गपचूप जाते. पण शंभर पावलांपलीकडे मान टाकते. हलकी आणि वेगवान गोळी दूरवर जाते, पण हवेत चाबूक ओढल्यासारखी कडाडते. दोन्ही झाडून, कागदावरची भोकं पुन्हा पुन्हा मोजून त्यांनी जड गोळ्या रोजच्यासाठी ठरवल्या. हलक्यांचं एक मॅगझीन अडीअडचणीला भरून ठेवलं.

पहिली जड गोळी सुटली तेव्हा मार्ला ओसरीवर मटार सोलत होती. "झाली?" तिने विचारलं. मटाराचा एक दाणाही सांडला नव्हता. अल्विन माझ्याकडे बघून हसले. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस.

मागच्या रविवारी मार्लाने बंदुकांचं कपाट आवरलं. उकाड्याने पट्ट्या चिकट झाल्या होत्या. तिने त्या सोलल्या, सगळी मॅगझिनं पुसून चकचकीत केली आणि नव्या पट्ट्या लावल्या. आत कोणती गोळी आहे ते न बघता, नुसत्या आठवणीने.

आज सकाळी अल्विन थोरलीला घेऊन पलीकडच्या कुरणात गेले. वासरं नवी आहेत, आणि कोल्ह्यासारखे कोयोट घिरट्या घालताहेत. जाताना त्यांनी बिनपट्टीचं मॅगझीन खिशात टाकलं.

मार्ला मला साफ करायला बसली. तिने लाल पट्टीचं मॅगझीन उचललं, एक काडतूस काढलं आणि उजेडात धरलं. मग धावत जाऊन कपाट बघितलं: माझ्या जड गोळ्यांचं मॅगझीन तिथेच होतं, हलक्यांचं नव्हतं.

तेवढ्यात डेलबर्टकाका कोलाचेंचा, म्हणजे गोड सारणाच्या पावांचा, खोका घेऊन आत आले. "जर्दाळूचे तुला, खसखशीचे मला. बाप कुठाय? आणि तुझा चेहरा का असा, मार्ले? उंदीर दिसला?"

"काका, डॅडींकडे चुकीचं मॅगझीन गेलंय. या आखूड रायफलीची हलकी काडतुसं आहेत त्यात. पट्ट्या मी लावल्यात."

काकांनी खोका ठेवला. "ती त्या बारीक नळीत शिरायची नाहीत. बोल्ट बंद होणार नाही."

"पण डॅडी ठोकतात."

अल्विन खरंच ठोकतात. फ्रीज, ट्रॅक्टरचं झाकण, काहीही अडलं की तळहाताने दणका. दणक्याने माझी गोळी काडतुसाच्या पोटात मागे सरकते, आणि नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट बसतो. मग चाप ओढला की जाडी गोळी बारीक नळीत मावत नाही. रायफल फुटते, आणि तिला गाल लावलेला असतो.

"मी गाडी काढतो," काका म्हणाले. "ओढ्याला वळसा घालून वीस मिनिटं लागतील. तू फोन कर. मेसेज नको, नुसता वाजवत राहा."

मार्लाला फोन करायला आवडत नाही. पिझ्झासुद्धा ती मेसेजने मागवते. आता ती उभ्याने फोन लावतेय. पहिला वाजून वाजून थांबला. दुसरा, तिसरा. अल्विन बहुतेक फोन गाडीतच ठेवतात.

मी लोखंडाची, मला धाव घेता येत नाही. मला तेल नको, मखमली पेटीही नको. एकच मागते: पट्टी काहीही सांगो, मॅगझीन लावण्याआधी आतली गोळी डोळ्यांनी बघत जा. माणसं खुणा करतात आणि मग खुणांवरच विसंबतात.

चौथा. पाचवा. खिडकीतून कुरणाच्या दिशेला बघत ती कान देते. काहीच ऐकू येत नाही. सहावा.

सातव्यांदा घंटा मध्येच तुटली.

"बोल गं मार्ले," अल्विनचा आवाज धापा टाकत आला. "गाडीपर्यंत यावं लागलं मला. ही रायफल आज हट्टाला पेटलीय, दोनदा ठोकली तरी बोल्ट बसेना. तिकडे कुंपणाला टेकवून आलोय. काय झालं?"