नोंदीत नष्ट झालेली फाईल

मित्रांनो, तुमच्याशी बोलते आहे ती मी इंग्लंडमधल्या एका काउंटी कोर्टातली जुनी फाईल. मळकट पिवळ्या पुठ्ठ्याची, एका कोपऱ्यात पाणी लागून फुगलेली. माझ्या पोटात एकतीस कागद आहेत. खून-दरोड्यांचे खटले आमच्याकडे येत नाहीत. भाडेकरू आणि घरमालक, शेजाऱ्यांचं कुंपण, कामावर झालेली दुखापत, असे दिवाणी दावे आमच्याकडे येतात. त्यामुळे आमच्याबद्दल वर्तमानपत्रात कोणी लिहीत नाही.

माझा जन्म अकरा वर्षांपूर्वी जानेवारीत झाला. मधुमती नावाची एक बाई बाबागाडीत आठ महिन्यांची मुलगी घेऊन काउंटरवर आली. ती केअर होममध्ये म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची आणि लेस्टरजवळच्या एका लहान गावात भाड्याच्या घरात राहायची. त्या घरातला, घर आणि पाणी गरम करणारा गॅसचा बॉयलर बिघडला होता. तो चालू केला की तिचं डोकं ठणकायचं आणि बाळ उलट्या करायचं. इंजिनियरनं येऊन तपासलं, बॉयलर बंद केला आणि अहवाल लिहून दिला. धूर बाहेर नेणारा पाइप फुटला आहे, कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू घरात येतो आहे, बॉयलर बदलल्याशिवाय वापरू नये. घरमालकानं दुसऱ्याच माणसाला पाठवून तोच बॉयलर पुन्हा चालू करून घेतला. म्हणून मधुमतीनं दावा लावला. कारकुनानं कोरा पुठ्ठा घेतला, त्यावर नंबर लिहिला, शिक्का मारला, आणि मी झाले.

ते दोन महिने माझे कामाचे दिवस. "कागद किती नीट लावलेत या बाईंनी," असं कारकून म्हणाला होता, ते मला अजून आठवतं. न्यायाधीशांनी मला एकदा शांतपणे वाचलं आणि अहवालातल्या दोन ओळींखाली पेन्सिलनं रेघ ओढली. सुनावणीची तारीख पडली. मला फार महत्त्व आल्यासारखं वाटलं.

सुनावणीला आठ दिवस असताना मधुमतीनं दावा मागे घेतला. सोबत घरमालकाचं पत्र जोडलं होतं. 'अहवाल मी वाचला आहे. महिन्याभरात नवा बॉयलर बसवतो. आपण दावा मागे घ्यावा.' खाली सही आणि तारीख, चौदा मार्च. कारकुनानं ते पत्र सगळ्यात वर लावलं आणि मला फळीवर ठेवून दिलं. भांडण गोडीनं मिटलं, असं मलाही वाटलं.

मग ते कोर्टच बंद झालं. आम्हाला खोक्यांत भरून मोठ्या शहरातल्या कोर्टाच्या तळघरात आणलं. घाईत माझं खोकं इमारतीच्या जुन्या नकाशांमध्ये गेलं आणि त्यावर 'नकाशे' अशी चिठ्ठी लागली. कोर्टाच्या फायली ठरावीक वर्षं ठेवतात, नंतर त्यांचे यंत्रात बारीक तुकडे करतात. माझी पाळी आली तेव्हा यादीवर खूण झाली आणि कॉम्प्युटरवर माझ्यापुढे 'नष्ट' असं लिहिलं गेलं. मी मात्र अंधारात धडधाकट होते. कोणी मला वाचत नव्हतं, आणि त्या घरात बॉयलर बदलला की नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये डॉक्टर शशिधर कोर्टात आले. पुढचं थोडं मी स्वतः पाहिलं, थोडं वरदाच्या टेबलावर पडून ऐकलं. वरदा म्हणजे आमच्या काउंटरवरची क्लार्क. जन्म इथलाच, कॉव्हेंट्रीचा. आजीकडून ऐकलेलं मराठी ती बोलते, पण व्याकरण तिला चकवतं.

डॉक्टर कार्डिफच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. त्यांची मुलगी कस्तुरी वीस वर्षांची. लेस्टरला शिकायची आणि दोन मैत्रिणींबरोबर त्याच घरात राहायची. फेब्रुवारीतल्या एका थंड शनिवारी मैत्रिणी आपापल्या घरी गेल्या होत्या. रविवारी दुपारी त्या परत आल्या तेव्हा कस्तुरी पांघरुणातच होती. खिडक्या बंद होत्या आणि बॉयलर चालू होता.

घरमालक म्हणाला, मला काही कल्पनाच नव्हती, अशी तक्रार कधीच आली नाही. पण शेजारच्या म्हातारीनं डॉक्टरांना सांगितलं की बऱ्याच वर्षांपूर्वी मधुमती नावाची एक बाई याच बॉयलरवरून कोर्टात गेली होती. पुढे ती कुठे गेली, हे तिला माहीत नव्हतं. एवढ्या एका धाग्यावर ते कार्डिफहून ट्रेननं आले.

वरदानं मधुमतीचं आणि घरमालकाचं नाव कॉम्प्युटरवर घातलं. दावा सापडला. पुढे 'नष्ट' हा शब्द होता.

"सॉरी डॉक्टर, हे डिस्ट्रॉय झाला आहे," ती इंग्रजीत सुरुवात करून मराठीवर आली. ते मराठी आहेत हे त्यांचं आडनाव वाचून तिला कळलं होतं.

"तुम्ही स्वतः पाहिलंत का ते नष्ट होताना?"

"नाही. सिस्टीममध्ये लिहिला आहे."

"माझ्या मुलीच्या घरातला बॉयलर सर्व्हिस झालेला आहे, असंही एका कागदावर लिहिलेलं होतं," डॉक्टर म्हणाले. आवाज चढला नाही. "जूनमध्ये इन्क्वेस्ट आहे, म्हणजे ती कशी गेली याची कॉरोनरपुढे चौकशी. तो माणूस शपथेवर सांगणार की त्याला माहीत नव्हतं. बत्तीस वर्षं मी माणसं झोपवली आणि प्रत्येकाला उठवेपर्यंत उशाशी उभा राहिलो. हिच्या उशाशी कोणी नव्हतं. तुम्ही एकदा खाली बघाल का, प्लीज?"

त्या आठवड्यात रोज जेवणाच्या सुट्टीत वरदा तळघरात उतरली. बंद झालेल्या कोर्टाची खोकी तिनं एकेक करून उघडली. पाचव्या दिवशी 'नकाशे' लिहिलेलं खोकं उघडलं आणि इतक्या वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. माझा नंबर तिनं दोनदा वाचला. मग तिथेच जमिनीवर बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. शेवटी वरचं पत्र पुन्हा हातात घेऊन ती पुटपुटली, "हाच बॉयलर! ती मुलगी यानंच गेली." बॉयलर बदललाच नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस. इंजिनियरचा इशारा आणि घरमालकाची कबुली घेऊन मी इतकी वर्षं पडून होते. त्यातल्या एका वर्षी जरी कोणी मला उघडलं असतं, तरी!

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. त्यांना वाटलं, आता कागद हातात मिळतील. पण कोर्टाचे नियम असतात. परक्या माणसाला दाव्याची मुख्य कागदपत्रं मिळतात. जोडलेले अहवाल आणि पत्रं हवी असतील तर न्यायाधीशांची परवानगी लागते, आणि त्यासाठी अर्ज करून वाट पाहावी लागते.

"किती दिवस?"

"सहा आठवडे, जास्त पण. इन्क्वेस्टच्या आधी होईल असं प्रॉमिस मी नाही करू शकत." वरदानं मान खाली घातली. "पण पार्टीला परवानगी नाही लागत. ज्यानं केस केली, ती स्वतः आली तर लगेच."

"तिचा पत्ता आहे यात?"

"आहे. तो मी तुम्हाला नाही देऊ शकत. पण तुम्ही लेटर लिहा. मॅनेजरना मी विचारलं आहे. कोर्ट ते पाठवेल."

डॉक्टर काउंटरवरच लिहायला बसले. तीन कागद फाडले. चौथ्यावर चार ओळी लिहिल्या आणि पाकीट बंद केलं. त्याच दिवशी त्यांनी परवानगीचा अर्जही भरला, न जाणो पत्र पोचलंच नाही तर.

पत्रव्यवहारासाठी मधुमतीनं दाव्यात बहिणीचा पत्ता दिला होता. बहिणीनं डॉक्टरांचं पत्र पुढे पाठवलं. अर्जाचं उत्तर अजून यायचं होतं आणि इन्क्वेस्टला बारा दिवस उरले होते, तेव्हा मधुमती कोर्टात आली. केस पांढरे झाले होते. ओळखपत्र दाखवून तिनं नकलांच्या अर्जावर सही केली. वरदानं फोन केल्यामुळे डॉक्टरही आले होते. दोघांमध्ये टेबलावर मी होते.

मधुमतीनं मला उघडलं आणि वरचं पत्र पाहिलं.

"अहो, मी त्या पत्रावर विश्वास ठेवला," मधुमती म्हणाली. "चार महिने वाट बघितली. रोज आज येतील, उद्या येतील. मग बहिणीकडे जागा मिळाली आणि मी निघून आले. माझं बाळ वाचलं ना, एवढंच मनात होतं. तिथं मागाहून कोण राहायला येईल, हा विचार माझ्या डोक्यातसुद्धा आला नाही हो."

इथं येताना डॉक्टरांच्या मनात या बाईबद्दल राग होता, हे त्यांनी नंतर वरदाला सांगितलं. तुम्ही दावा मागे घेतला नसतात तर, हे वाक्य त्यांनी ट्रेनमध्ये जुळवून ठेवलं होतं.

"तुमची मुलगी किती वर्षांची आता?" त्यांनी विचारलं.

"बारावं लागलंय."

"तिला जपा," डॉक्टर म्हणाले आणि खिडकीकडे वळले. त्यांचे खांदे हलत होते. मधुमती उठून जवळ गेली, पण हात लावायला धजली नाही.

इन्क्वेस्टला मला नेलं नाही. माझ्या कागदांच्या शिक्का मारलेल्या नकला तिथं गेल्या. मधुमतीनं साक्ष दिली. घरमालकानं आधी शपथेवर 'माहीत नव्हतं' म्हटलं. मग त्याला त्याच्याच सहीचं पत्र दाखवलं. त्यानं ते वाचलं आणि म्हणाला, "राहून गेलं." एवढंच. कॉरोनरनी प्रकरण पोलिसांकडे पाठवलं. पुढे काय होईल ते अजून कोणाला ठाऊक नाही.

हे सगळं सांगायला डॉक्टर एकदा पुन्हा आले. अस्सल कागद एकदा पाहू द्याल का, असं त्यांनी विचारलं. वरदानं मॅनेजरची परवानगी काढली आणि स्वतः शेजारी उभी राहिली. त्यांनी अहवाल उघडला नाही. पत्र उघडलं, तारखेवर बोट ठेवलं.

"चौदा मार्च. तेव्हा कस्तुरी दहा वर्षांची होती," ते म्हणाले. "त्या आठवड्यात तिची दुधाची दाढ पडली होती. फोटो आहे माझ्याकडे. त्याच आठवड्यात हा माणूस हे लिहीत होता."

"काका, चहा आणू?" वरदा म्हणाली. त्यांनी नको म्हणून मान हलवली, मला अलगद मिटलं आणि ते स्टेशनकडे गेले.

आता माझ्यापुढचा 'नष्ट' हा शब्द काढून टाकला आहे. पोलिसांचं काम संपेपर्यंत मी कुलपाच्या कपाटात आहे. लोक म्हणतात, या फाईलमुळे सत्य बाहेर आलं. मला त्याचा आनंद होत नाही. माझं काम अकरा वर्षांपूर्वीचं होतं. तेव्हा ते झालं असतं तर कस्तुरीचं नाव माझ्या वाट्याला कधी आलंच नसतं.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. धोक्याबद्दल कोणी 'करतो' असं लिहून दिलं, तर तो कागद जपून ठेवा, पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. जाऊन बघा. झालं नसेल तर पुन्हा विचारा. तुम्ही ते घर सोडून चालला असाल, तरीसुद्धा विचारा. तुमच्यामागे तिथं कोणीतरी झोपायला येणार असतं.

आणि तुमच्या घरी बॉयलर असेल, तर त्याच्याजवळ कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा गजर असतो, त्याचं बटण आज दाबून बघा. आवाज आला नाही तर घरातल्या मोठ्यांना लगेच सांगा.