वाट मागणार कोण?

मात्सुकाके गल्लीत दारापुढचं झाडण्याचा एक जुना कायदा आहे. तो कुठं लिहिलेला नाही, म्हणूनच कुणी मोडत नाही. आपल्या घरापुढची जागा झाडायची आणि शेजाऱ्याच्या हद्दीतली वीतभर. त्याहून कमी झाडलं तर आपण माणूसघाणे ठरतो. जास्त झाडलं तर 'तुम्हाला तुमचं दार सांभाळता येत नाही' असं शेजाऱ्याला तोंडावर सांगितल्यासारखं होतं. क्योतोत भांडणंसुद्धा अशी वितीवर होतात. आवाज नाही, नुसता खराटा.

शिझुए हिराओका लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासूनं, किनुबाईंनी, तिला पहिल्या सकाळी हेच शिकवलं होतं. आता तीस वर्षांनी वीतभर झाडायची ती कुणाच्या हद्दीत, हाच प्रश्न होता. डावीकडचं घर पाहुण्यांना भाड्यानं दिलेलं, दाराला आकड्यांचं कुलूप, आणि आत दर दोन दिवसांनी नवी माणसं. उजवीकडं हिरव्या चहाचं आइस्क्रीम. गल्लीतली जुनी बिऱ्हाडं एकेक करून निघून गेली होती आणि उरलेल्यांत हिराओकांचं टोफूचं दुकान होतं. पहाटे सोयाबीन दळायचं, शिजवायचं, गाळायचं, आणि पांढऱ्याशुभ्र वड्या पाण्यात सोडायच्या. पण टोफू घ्यायला घरी चूल लागते. पाहुण्याजवळ चूल नसते, कॅमेरा असतो. आणि टोफू फोटोत काही बरा दिसत नाही. तेव्हा गर्दी वाढली तसं गिऱ्हाईक घटलं. रस्ता माणसांनी भरून वाहतोय आणि गल्ल्यात माशा, असा हिशेब शिझुएला रोज संध्याकाळी जुळवावा लागे.

हिशेब जुळला होता तो निशिवाकींचा. निशिवाकी म्हणजे गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष. पूर्वी चटया विणायचे, आता पाहुण्यांना दिवसाच्या भाड्यानं किमोनो नेसवत. मोठा गोड माणूस. कधी कुणाला 'हे करा' म्हणाले नाहीत आणि कधी कुणी त्यांचं केल्यावाचून राहिलं नाही. मंडळाची सूचनेची पाटी घरोघर फिरे. वाचायची, शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायची. त्या वर्षी चेरीच्या फुलांच्या मोसमाआधी पाटीवर तीन सूचना आल्या होत्या. पाहुण्यांच्या आनंदात व्यत्यय नको म्हणून धुणं मागच्या बाजूला वाळत घालावं. मुलांना गल्लीत खेळायला सोडू नये. गल्ली अरुंद, तेव्हा रुग्णवाहिका बोलवायची वेळ आलीच तर स्ट्रेचर दारात न मागवता आजाऱ्याला पायऱ्या उतरून खाली, मोठ्या रस्त्यावर उभ्या गाडीपर्यंत न्यावं.

शिझुएनं ते वाचून म्हटलं होतं, "आणि मरायचं कुठं, तेही लिहायचं होतं."

"मोसमापुरतंच आहे गं," किनुबाई म्हणाल्या. "आपल्यामुळं चारचौघांना त्रास होऊ नये एवढंच." आणि घराचा शिक्का त्यांनी स्वतःच्या हातानं मारला होता. ठसा जरा तिरका आला तर दुसऱ्यांदा मारला.

एप्रिलातल्या त्या सकाळी गल्ली नेहमीसारखी फुलली होती. किनुबाई दुकानात त्यांच्या ठरलेल्या चौरंगावर बसून चहा घेत होत्या. एक परदेशी मुलगा उंबऱ्यावर टेकून आइस्क्रीम खात होता आणि किनुबाई तो उठायची वाट बघत गप्प होत्या, कारण खाणाऱ्याला उठवत नाहीत. तो उठून गेला. त्यांनी शिझुएला काही सांगायला तोंड उघडलं आणि शब्दाऐवजी नुसताच आवाज आला. चहाचा पेला उजव्या हातातून सुटला. ओठाचा एक कोपरा खाली उतरला होता.

शिझुए फोनकडं धावली. तिचा नवरा तात्सुओ हात पुसत आतून आला. आईकडं बघून तो पांढराफटक पडला, पण बायकोच्या हातातला फोन त्यानं घेतला आणि खालच्या आवाजात सांगितलं, की गाडी उताराखाली, बस थांब्यापाशी उभी करा, आम्ही घेऊन येतो.

"अहो, स्ट्रेचर घेऊन येतील ते दारात. त्यांचं कामच आहे," शिझुए म्हणाली.

"एवढ्या गर्दीत? सगळ्यांना बाजूला व्हावं लागेल."

"मग होतील की."

किनुबाईंनी डाव्या हातानं सुनेची बाही धरली. जीभ जड झाली होती, तरी एवढं कळलं, "भोंगा नको गं... लोक आलेत." त्यांच्या तोंडून निघालेलं शेवटचं सबंध वाक्य ते हेच. चौऱ्याऐंशी वर्षं जगून माणूस जाताना काय मागतो, तर आपल्यामुळं फुलं बघणाऱ्यांचा विरस होऊ नये.

तात्सुओनं आईला पाठीवर घेतलं. शिझुए विम्याचं कार्ड आणि चपला घेऊन मागं. गल्ली म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा उतार, एरवी टोफूची पाटी घेऊन तो पळत उतरे. त्या दिवशी माणसांची भिंत होती. तात्सुओ दर पावलाला मान लववून "माफ करा, माफ करा" पुटपुटत होता, इतक्या हळू, की त्याच्या पाठीवरच्या आईलासुद्धा ऐकू जात नसेल. ज्यांना ऐकू गेलं त्यांना भाषा कळत नव्हती. ते हसून, वाकून त्यालाच नमस्कार करत. म्हाताऱ्या आईला पाठीवरून फिरवणारा मुलगा! एकीनं कौतुकानं छातीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं फोटो घेतला.

मधल्या वळणावर चेरीचं झाड आहे. तिथं पायरीवर किमोनो नेसलेलं एक जोडपं उभं होतं. समोर छायाचित्रकार गुडघे टेकून, त्याच्यामागं रांग धरून आणखी पाच-सहा जोडपी. तात्सुओ थांबला.

तो का थांबला हे मात्सुकाके गल्लीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. कुणाचा फोटो चालू असला की मधून जायचं नाही. एका जोडप्याचा झाला, तात्सुओनं पाऊल उचललं, तोवर दुसरं जोडपं जागेवर. तो पुन्हा थांबला. आईचं डोकं त्याच्या खांद्यावरून घसरत होतं, ते त्यानं गालानं सावरलं आणि अदबीनं वाट बघत राहिला. शिझुएच्या घशापर्यंत ओरडणं आलं होतं. तिथंच अडलं. तीस वर्षांची सवय घशात हाडासारखी अडकते. तीही नवऱ्यामागं उभी राहिली, सासूच्या चपला छातीशी धरून.

उताराखाली गाडी केव्हाची उभी होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांना क्योतोचं आडवळणाचं बोलणं अजून आलं नव्हतं. त्यांनी सरळ विचारलं, "एवढा उशीर का केलात?" तात्सुओ मान खाली घालून माफ करा म्हणाला. त्यांना कळेना हा माणूस आपली माफी का मागतोय. तिसऱ्या दिवशी दुपारी किनुबाई गेल्या.

त्यांना घरी आणलं ते मागच्या बोळातून, कचऱ्याच्या पिंपांजवळून. शिझुएनं उदबत्ती लावली, उशाशी भात ठेवला. संध्याकाळी निशिवाकी आले. काळा पोशाख, डोळ्यांत खरं पाणी; किनुबाईंच्या हातचा टोफू खाऊनच तेही मोठे झाले होते. वाकून नमस्कार केला, दुखवट्याच्या पैशांचा लिफाफा ठेवला, चहा घेतला. मग म्हणाले, की स्टेशनजवळचं अंत्यविधीचं सभागृह आता फार सोयीचं झालंय. लिफ्ट आहे, खुर्च्या आहेत, म्हाताऱ्या माणसांना मांडी घालावी लागत नाही. हवाही काय गरम झालीय यंदा. आणि विधी रविवारी, तेव्हा तर फुलं अगदी भरात असणार, नाही का.

तात्सुओची मान होकारात हलू लागली होती.

"म्हणजे आईंना घरातून न्यायचं नाही?" शिझुएनं विचारलं.

निशिवाकींनी चहाचा पेला खाली ठेवला. "अहो, तसं मी कुठं म्हणालो वहिनी?"

"तुम्ही कधीच काही म्हणत नाही. धुणं मागं गेलं, तुम्ही म्हणाला नाहीत. पोरं घरात कोंडली, तुम्ही म्हणाला नाहीत. आईंना पाठीवर घालून उतार उतरवला, तेही तुम्ही म्हणाला नाहीत. आम्हीच आपले शहाणे."

"शिझुए," तात्सुओ म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही त्या दिवशीही फार नम्र होता." हे बोलल्यावर नवऱ्याचा चेहरा कसा झाला ते तिनं पाहिलं, आणि तरी ती थांबली नाही. "निशिवाकीसाहेब, सासरे पुढच्या दारातून गेले. त्यांचे वडील पुढच्या दारातून गेले. आईही रविवारी दहा वाजता पुढच्या दारातून जातील, गल्लीतून, पायऱ्यांवरून. कुणाला त्रास झाला तर होऊ दे."

अध्यक्ष निघताना फार खोल वाकले. गल्लीत त्या रात्रीच बातमी झाली. हिराओकांची सून दुःखानं जरा बिघडलीय, असं आइस्क्रीमवालीनं गल्लीतल्या सार्वजनिक हमामखान्याच्या मालकाला सांगितलं. ते म्हणाले, "बिघडली असेल. मी खांदा द्यायला जाणार आहे."

रविवारी दहा वाजता दार उघडलं. खांदेकरी सहा, सगळे साठीच्या पुढचे. तरुण राहिलेच कुठं होते गल्लीत? तात्सुओच्या हातात आईची तसबीर. रीतीप्रमाणं शिझुएनं किनुबाईंचं रोजचं भाताचं वाडगं उंबऱ्यावर आपटून फोडलं. खळ्ळकन आवाज झाला आणि गल्लीतली दोन-तीनशे तोंडं एकदम वळली. हात वर गेले, कॅमेरे वर आले. निशिवाकी आपल्या दुकानाच्या दारात उभे होते, भाड्याच्या किमोनोंच्या रांगेपुढं.

शिझुए पायरी उतरून रस्त्याच्या मध्यावर गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं या गल्लीत आवाज चढवला.

"बाजूला व्हा. आमच्या घरचं माणूस गेलंय. वाट द्या."

शब्द बहुतेकांना कळले नाहीत. आवाज कळला. तसा आवाज जगात कुठंही तसाच असतो. पुढच्यांनी शवपेटी पाहिली, मागच्यांना हातानं मागं सारलं, आणि ती माणसांची भिंत मधोमध उघडत गेली, वळणापर्यंत, चेरीच्या झाडापर्यंत, खाली रस्त्यापर्यंत. कॅमेरे उतरले. टोप्या निघाल्या. झाडाखालचं नवं जोडपं पायरीवरून खाली उडी मारून भिंतीला चिकटलं, आणि किमोनोतल्या त्या मुलीनं हात जोडले.

दोन श्वास लागले असतील.

शिझुए तिथंच थिजली. मोकळा उतार तिच्यासमोर पडला होता, लख्ख, कुणीतरी झाडून ठेवल्यासारखा. तिनं वळून नवऱ्याकडं पाहिलं. तात्सुओही त्या रिकाम्या पायऱ्यांकडंच बघत होता. त्यालाही तोच हिशेब कळला होता आणि तो आता जन्मभर कुठल्याच बाजूनं जुळणार नव्हता. हे लोक त्या दिवशीही बाजूला झाले असते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पेटी खाली निघाली. वळणावर एका प्रौढ परदेशी बाईनं मोडक्या जपानीत विचारलं, "इथं राहत होत्या त्या? त्या वरच्या घरात?"

"साठ वर्षं," शिझुए म्हणाली.

बाई गोंधळली. "आम्हाला सांगितलं, ही घरं दाखवायला ठेवलीत. कुणी राहत नाही." तिचा चेहरा लाल झाला होता. "मी काल तुमच्या दारातून आत फोटो काढला. मला माफ करा."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

बाईनं वर पाहिलं. किमोनोंच्या रांगेपुढं आता कुणी उभं नव्हतं, दुकानाचा पडदा मात्र हलत होता.

"वर जाऊन त्यांना सांगा, राहतात म्हणून," शिझुए म्हणाली. "आणि तुमच्याबरोबर आलेल्या सगळ्यांना सांगा. आम्ही राहतो इथं."

उताराखाली शववाहिका उभी होती. पेटी आत सरकली, दार लागलं. आता निघताना गाडीचा भोंगा एकदा लांब वाजवायचा, हा निरोप. पांढरे हातमोजे घातलेला चालक शिझुएजवळ आला आणि कानाशी हळूच म्हणाला, की मोसमात या भागातली बरीच घरं भोंगा नको म्हणून सांगतात. तुमचं काय करू?

तात्सुओनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. सवयीनं त्याची मान गर्दीच्या दिशेनं लवू लागली, ओठांवर 'माफ' एवढं आलंही. मग त्यानं हातातल्या तसबिरीकडं पाहिलं. मान तशीच अर्धी लवलेली राहिली आणि हळूहळू वर आली.

"वाजवा," तो म्हणाला. आवाज फाटला होता, पण वरच्या वळणापर्यंत ऐकू गेला. "वाजवा हो. डोंगरापर्यंत जाऊ दे."